विंडोज, मॅक की लिनक्स? सहा जुन्या संगणकांच्या एका कार्यालयासाठी

आपले म्हणणे मला बरोबर समजले आहे की नाही हे पाहण्यासाठी आधी ते थोडक्यात मांडतो. परळला आपले सहकारी गृहनिर्माण संस्थांचे हिशेब लिहून देण्याचे छोटे कार्यालय आहे. २०१६ साली घेतलेले सहा संगणक विंडोज १० वर चालतात आणि त्यांवर विंडोज ११ चढत नाही. चौकशी केली तेव्हा एकाने मॅक घ्यायला सांगितले, तर दुसऱ्याने लिनक्स फुकट आहे म्हणून तेच टाकायला सांगितले. यांतली सर्वांत चांगली ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे संगणक चालवणारी मूळ प्रणाली, कोणती आणि या मंडळींना दर काही वर्षांनी पडद्याची मांडणी बदलण्याची गरज का पडते, असे आपण विचारले आहे. कारण आपल्याकडचे ५८ वर्षांचे जमाखर्च पाहणारे काका "आता मला नवीन काही शिकवू नका" असे म्हणून बसले आहेत.

गेली २६ वर्षे मी मुंबईतल्या लहान कार्यालयांचे संगणक बसवण्याचे आणि राखण्याचे काम करतो. "सर्वांत चांगली कोणती" या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नाही. ज्याच्याकडे ते असते, त्याच्या दुकानात बहुधा तेवढीच एक वस्तू विकायला असते. आपल्या प्रश्नात तीन गाठी एकमेकींत अडकल्या आहेत: एक तारखेची, दुसरी कामाच्या प्रोग्रामची आणि तिसरी काकांच्या हाताची. पहिल्या दोन कागद-पेन्सिल घेऊन अर्ध्या तासात सुटतात. खरी अडचण तिसरीची आहे, आणि तिच्याविषयी कोणी फारसे बोलत नाही, म्हणून मी तिथेच जास्त थांबणार आहे.

तारखेचे आधी उरकतो. विंडोज १० च्या सुरक्षा दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. संगणक त्यानंतरही चालतात, पण नव्याने सापडणारी भोके बुजवली जात नाहीत. आपल्याकडे शेकडो सभासदांची नावे, थकबाकी आणि संस्थांची बँक खाती आहेत, तेव्हा असा संगणक इंटरनेटला जोडून वर्षानुवर्षे वापरावा असे मी म्हणणार नाही. मायक्रोसॉफ्टची वाढीव दुरुस्त्यांची योजना आहे. मात्र वैयक्तिक वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळणारी स्वस्त सवलत व्यवसायाच्या संगणकांसाठी नाही. व्यवसायासाठीचा जाहीर दर पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर आहे आणि तो पुढची दोन वर्षे दुप्पट होत जातो. तीन वर्षांचे मिळून ४२७ डॉलर होतात. तेवढ्यात एक साधा चांगला संगणक येतो, म्हणून ही योजना फार तर पहिल्या वर्षापुरती, सावकाश बदल करण्याची मुदत विकत घेण्यासाठी वापरावी.

विंडोज ११ न चढण्याचे कारण असे की तिला टीपीएम २.० ही सुरक्षा सोय आणि इंटेलचा ८व्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. २०१६ च्या खरेदीत बहुधा ६व्या पिढीचा असतो. प्रोसेसरच्या नावातच हे कळते: आय५-६५०० मधला आडव्या रेघेनंतरचा ६ म्हणजे ६वी पिढी, आय५-८५०० मधला ८ म्हणजे ८वी. लॅमिंग्टन रोडच्या संगणक-बाजारात ही तपासणी चुकवून विंडोज ११ टाकून देणारे दहा जण भेटतील. ते चालतेही, परंतु अशा संगणकाला पुढे दुरुस्त्या मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि हिशेबाच्या संगणकावर मी तो खेळ करत नाही.

दुसरी गाठ प्रोग्रामची. आपले काम टॅलीवर चालते, आणि टॅली हा विंडोजसाठी बनलेला हिशेबाचा प्रोग्राम आहे. मॅकवर किंवा लिनक्सवर तो आडवाटेने चालवता येतो, पण जेव्हा बॅलन्सशीट उद्या द्यायची असते तेव्हा आडवाटेवर कोणी सापडू नये. डिजिटल सहीचा डीएससी टोकन (पेन ड्राइव्हसारखी किल्ली), त्याची संगणकाशी ओळख करून देणारा ड्रायव्हर आणि तो ओळखणारी सरकारी पोर्टले यांचीही सवय विंडोजशीच जास्त आहे. म्हणजे ज्या चार संगणकांवर टॅली आणि विवरणपत्रांचे काम होते, त्यांच्यापुरता प्रश्न सुटलाच: तिथे विंडोज ११ आणि ती चालेल असा संगणक. तो नवाच हवा असे नाही. मोठ्या कंपन्यांतून निघालेले ८व्या किंवा ९व्या पिढीचे संगणक मुंबईत भरपूर मिळतात. त्यांत एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती ठेवणारी वेगवान डिस्क, आहे याची खात्री करा, कारण जुन्या हार्ड डिस्कवरून एसएसडीवर जाण्याने काकांना जेवढा फरक जाणवेल तेवढा कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टीमने जाणवणार नाही.

आता काकांचा हात. या कामात मी एक गोष्ट फार उशिरा शिकलो: रोज आठ तास संगणक वापरणारा माणूस पडदा वाचत नाही. सुरुवातीचे काही महिने वाचतो, नंतर हात आपोआप जातो. वीस वर्षे विंडोज वापरलेल्या कोणालाही संगणक बंद करताना पाहा. तो माउस खाली डावीकडे फेकतो, नजर अजून कागदावरच असते. हे जमते याचे कारण कोपरा चुकत नाही; माउस कितीही जोरात ढकलला तरी तो तिथेच अडकतो. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडलेल्या नियमानुसार, लक्ष्य जितके मोठे आणि जवळ तितका हात तिथे लवकर पोचतो. पडद्याच्या कडेला आणि कोपऱ्याला असलेली गोष्ट हाताच्या दृष्टीने जवळजवळ अमर्याद मोठी असते.

विंडोजने हा कोपरा २४ ऑगस्ट १९९५ रोजी, विंडोज ९५ मध्ये दिला. त्याआधी १९८५ च्या पहिल्या आवृत्तीत खिडक्या एकमेकींवर ठेवताही येत नसत, आणि १९९० च्या ३.० मध्ये प्रोग्राम मॅनेजरच्या चौकटीतून चित्र शोधावे लागे. ९५ मध्ये स्टार्टचे बटण आणि टास्कबार, म्हणजे पडद्याच्या तळाची पट्टी, आला, आणि पुढे ९८, एक्सपी, व्हिस्टा आणि विंडोज ७ अशा रंगरूप बदललेल्या आवृत्त्या येऊन गेल्या तरी तो कोपरा १७ वर्षे हलला नाही. एक्सपीचे निळे-हिरवे रूप २००१ मध्ये आले तेव्हा लोकांनी नाके मुरडली, व्हिस्टाच्या काचेच्या खिडक्यांना २००७ मध्ये हसले, पण दुसऱ्या दिवशी काम करायला कोणाचे अडले नाही. रंग बदलला तर डोळ्याला खटकते आणि आठवड्याभरात विसरले जाते. जागा बदलली की हात चुकतो, आणि हात चुकला की अनुभवी माणसाला आपण अडाणी ठरलो असे वाटते. आपले काका "शिकवू नका" म्हणतात ते आळसाने नव्हे, याच भीतीने म्हणतात, असा माझा अंदाज आहे.

२६ ऑक्टोबर २०१२ रोजी आलेल्या विंडोज ८ मधून स्टार्टचे बटण काढून टाकण्यात आले. मी त्या सुमारास फोर्टमधल्या एका कार्यालयात दोन नवे संगणक बसवले आणि घाईत असल्यामुळे बंद कसा करायचा हे दाखवायचेच विसरलो. तीन आठवड्यांनी गेलो तर तिथले ज्येष्ठ कारकून संध्याकाळी लोखंडी कपाटामागे हात घालून भिंतीवरचे बटणच बंद करत होते. बंद करण्याची सोय पडद्याच्या उजव्या कडेतून सरकत येणाऱ्या पट्टीत, तिथल्या सेटिंग्जमध्ये आणि तिथल्या पॉवरमध्ये होती. न सांगता ती सापडावी अशी अपेक्षा धरणे चूक होती, आणि ते सांगणे माझे काम होते. त्यांनी मला विचारले का नाही, तर "एवढे साधे कसे विचारायचे" म्हणून.

पडदा का बदलतात, या आपल्या प्रश्नाचे उत्तर त्याच वर्षांत दडलेले आहे. २०१० मध्ये आयपॅड आला होता, आणि बोटाने चालवायचा पडदा व माउसने चालवायचा पडदा एकच असावा असा विचार जोर धरू लागला होता. विंडोज ८ मधले मोठे रंगीत चौकोन बोटासाठी होते. हिशेब लिहिणाऱ्याच्या मेजावर मात्र बोट लावण्याजोगा पडदाच नव्हता. ऑक्टोबर २०१३ च्या ८.१ मध्ये बटण परत आले, आणि २९ जुलै २०१५ च्या विंडोज १० मध्ये मेन्यूही परतला. ज्या ज्या वेळी मांडणीत मोठा बदल झाला, त्या त्या वेळी बनवणाऱ्यांची नजर मेजावरच्या जुन्या ग्राहकाकडून हातात धरायच्या नव्या उपकरणाकडे वळलेली मला दिसली आहे. काही बदल निव्वळ फॅशनचेही असतात, ते मी नाकारत नाही.

मॅकही याला अपवाद नाही. तिथे बदलत नाही ती गोष्ट वेगळी आहे, इतकेच. १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशपासून आजपर्यंत प्रोग्रामचा मेन्यू पडद्याच्या माथ्यावर, कडेला चिकटून आहे, आणि फिट्सच्या नियमाने ही जागा उत्तम आहे. पण २००१ च्या मॅक ओएस टेनने खालचा डॉक, म्हणजे प्रोग्रामच्या चित्रांची पट्टी, आणला, २०११ मध्ये स्क्रोल करण्याची दिशा उलटी झाली, २०१४ मध्ये सगळी चित्रे सपाट झाली, २०२२ मध्ये सेटिंग्जची खिडकी फोनसारख्या लांबलचक यादीत बदलली, आणि २०२५ च्या टाहोमध्ये पारदर्शक काचेचे रूप आले. विंडोजवरून जाणाऱ्याला मात्र यांपेक्षा साध्या गोष्टी अडवतात. खिडकीचे लाल बटण दाबले तर खिडकी जाते, प्रोग्राम बहुधा चालूच राहतो. कॉपी-पेस्ट करंगळीने कंट्रोल दाबून नव्हे, अंगठ्याने कमांड दाबून करावी लागते. आणि टॅलीवाल्यांचा जीव ज्या एफ ४ ते एफ ९ या कळांत असतो, त्या कळा मॅकवर एरवी शोध घेणे, गाणी पुढे-मागे करणे अशी निराळीच कामे करतात. मॅक वाईट आहे असे मी म्हणत नाही. माझी मुलगी चित्रांचे काम त्याच्यावरच करते. आपल्या कार्यालयात त्याला काम नाही.

लिनक्सची गोष्ट जरा निराळी आहे, आणि तिथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे. विंडोजमध्ये आणि मॅकमध्ये पडदा आणि आतले यंत्र एकाच घरचे असतात. लिनक्समध्ये आतला गाभा एक असतो, तर त्यावरचा डेस्कटॉप, म्हणजे डोळ्यांना दिसणारी मांडणी, ग्नोम, केडीई, एक्सएफसीई, सिनॅमन यांपैकी कोणता, हे आपण निवडतो. याचा खरा फायदा २०११ मध्ये दिसला. ग्नोमची ३री आवृत्ती आली आणि तिने टास्कबारची जुनी मांडणीच मोडीत काढली, तेव्हा न पटलेल्यांनी ग्नोमच्या २ऱ्या आवृत्तीचाच धागा पकडून माटे नावाने ती पुढे चालू ठेवली, आणि लिनक्स मिंट या लिनक्सच्या एका प्रकाराच्या मंडळींनी सिनॅमन घडवला. रुसलेल्या ग्राहकांनी जुना पडदा स्वतःच जिवंत ठेवला, असे विंडोजच्या किंवा मॅकच्या बाबतीत घडूच शकत नाही.

ठेच अशी. त्याच काळात दादरच्या एका छोट्या छापखान्यात मी लिनक्स बसवून दिले होते, "इथे काही बदलत नाही" असे छातीठोकपणे सांगून. दिवाळीच्या सुट्टीत कोणालाही न विचारता मीच नवी आवृत्ती चढवली. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी तिथल्या ऑपरेटर बाईंचा फोन आला की "छपाई गेली". जाऊन पाहतो तर प्रिंटर ठीक होता. नव्या मांडणीत प्रोग्रामचा मेन्यू खिडकीतून उचलून पडद्याच्या माथ्यावर नेला होता आणि माउस तिथे नेल्याशिवाय तो दिसतच नव्हता. बाई वीस मिनिटे रिकाम्या पट्टीकडे पाहत बसल्या होत्या. दोष सर्वस्वी माझा होता. तेव्हापासून मी दीर्घ मुदतीच्या, म्हणजे बरीच वर्षे दुरुस्त्या मिळणाऱ्या, आवृत्तीखेरीज काही बसवत नाही, आणि चढवण्याआधी त्या खुर्चीत बसणाऱ्याला विचारतो.

तेव्हा इथवर आपले चार संगणक विंडोज ११ कडे गेले आणि मॅक बाजूला पडला. उरलेल्या दोन जुन्या संगणकांसाठी, म्हणजे संस्थांच्या नोटिसा, इतिवृत्ते आणि ईमेल यांच्यासाठी, लिनक्स मिंटची सिनॅमन आवृत्ती मी निःशंकपणे सुचवीन. स्टार्टसारखा मेन्यू डाव्या कोपऱ्यातच आहे, खाली पट्टी आहे, खिडकीची बटणे उजवीकडे आहेत. विंडोज ७ वापरलेल्या माणसाला विंडोज ११ पेक्षा ती जास्त ओळखीची वाटते. लिबरऑफिस या वर्ड-एक्सेलसारख्या फुकट प्रोग्राममध्येही फाइल, एडिट असे जुन्या पद्धतीचे मेन्यू असल्यामुळे, वर्डमध्ये २००७ साली आलेली रुंद पट्टी ज्यांना कधीच आवडली नाही ते सुखावतात. पेन ड्राइव्हवरून मिंट काहीही न पुसता चालवून पाहता येते. प्रिंटर मात्र त्याच वेळी जोडून पाहा, कारण आपल्याकडच्या कार्यालयांत सर्रास दिसणारे काही जुने लेझर प्रिंटर लिनक्सला दाद देत नाहीत.

मराठीचा मुद्दा आपण विचारला नाही, पण नोटिसा मराठीत निघत असतील तर तो आधी तपासा. एक्सपीच्या काळात देवनागरी नीट दिसावी म्हणून सेटिंग्जमध्ये जाऊन एक चौकट टिचकवावी लागे आणि संगणक मूळ सीडी मागे. आज तिन्ही ठिकाणी देवनागरी आपोआप दिसते आणि इन्स्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा ठरलेला कळफलकही असतो. विंडोजमध्ये उच्चारानुसार मराठी लिहिण्याचा कळफलक २०१९ पासून आहे. अडचण जुन्या फायलींची येते. त्या युनिकोडच्या, म्हणजे सर्व संगणकांवर अक्षरे सारखीच ओळखली जाण्याच्या पद्धतीच्या, आधीच्या फाँटमध्ये असतील, तर तो फाँट नसलेल्या कोणत्याही संगणकावर नोटिशीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसेल. युनिकोडमध्ये असतील तरी मंगल या फाँटकडे लक्ष ठेवा. पवईच्या आयआयटीत पूर्वी शिकवणाऱ्या प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवलेला हा फाँट वर्षानुवर्षे विंडोजसोबत येत असे. विंडोज १० पासून तो वेगळा जोडण्याच्या फाँटांत गेला आहे. तो जोडलेला नसेल तर त्याच मजकुराला निर्मला हा फाँट लागतो, ओळी सरकतात, आणि एका पानाची नोटीस दुसऱ्या पानावर अध्यक्षांच्या सहीसह उतरते.

आता काकांच्या मेजावरचा विंडोज ११. तिने स्टार्ट मधोमध आणला आहे, आणि त्यातही एक खोच आहे: जसजसे जास्त प्रोग्राम उघडावेत तसतसे ते बटण थोडे थोडे डावीकडे सरकते, म्हणजे हाताला पाठ होण्याजोगी त्याची जागाच नाही. हे दोन मिनिटांत बदलता येते. टास्कबारच्या सेटिंग्जमध्ये जाऊन त्याची मांडणी डावीकडे करा; कोपरा परत मिळतो. तिथेच खिडक्यांची बटणे एकात एक न मिसळण्याचा पर्याय निवडा. पहिल्या आवृत्तीत तो काढला होता, २०२३ मध्ये परत आला, आणि एका वेळी पाच संस्थांच्या पीडीएफ उघडून बसणाऱ्याला तो हवाच असतो. उजवी क्लिक केल्यावर येणारा मेन्यू आता आखूड आहे. शिफ्ट धरून उजवी क्लिक केली की जुना पूर्ण मेन्यू येतो. कंट्रोल पॅनेल आणि सेटिंग्ज असे दोन संसार अजूनही शेजारी शेजारी नांदत आहेत, पण काकांना त्यांपैकी कशातही जायची गरज नाही. शेवटचे म्हणजे, डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप हे फोल्डर वनड्राइव्हकडे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठ्याकडे, वळवले गेले आहेत का ते पाहा आणि नको असेल तर बंद करा. नाहीतर "फाइल कुठे ठेवली" हा प्रश्न रोज येईल.

काकांना प्रत्यक्षात फार थोडे शिकायचे आहे, हे त्यांना सांगा. टॅली पूर्ण पडद्यावर उघडली की तिच्याखाली कोणती विंडोज आहे याने काही फरक पडत नाही. एफ ५ ला पेमेंट आणि एफ ६ ला रिसीट तिथेच आहेत. त्यांचा ऑपरेटिंग सिस्टीमशी संबंध येतो तो संगणक चालू करणे, टॅली उघडणे, पीडीएफ जागेवर ठेवणे, छापणे, पेन ड्राइव्ह काढणे आणि संगणक बंद करणे एवढ्यापुरता. या सहा गोष्टी मी नेहमी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून मॉनिटरच्या पायाशी चिकटवतो. महिन्याभरात कागद फाटतो आणि कोणी तो परत मागत नाही.

बदल एका दिवशी सहाही ठिकाणी करू नका. जीएसटीच्या ११ आणि २० तारखा टाळून, २१ नंतर, आधी तरुण सहकाऱ्याचा एक संगणक बदला आणि महिनाभर चालू द्या. काकांचा सर्वांत शेवटी, आणि त्यांचा जुना संगणक इंटरनेटची केबल काढून पुढचे दोन महिने शेजारीच ठेवा. जुन्या फाँटमधल्या फायली पाहायलाही तो उपयोगी पडेल.

हे सगळे आपल्या पत्रातल्या माहितीवरून लिहिले आहे. या आठवड्यात एकदा काकांच्या मागे अर्धा तास खुर्ची टाकून बसा आणि त्यांचा माउस कुठे कुठे जातो ते टिपा. ती यादी, प्रिंटरचा मॉडेल क्रमांक आणि मराठी नोटिसा कोणत्या फाँटमध्ये आहेत एवढे कळवलेत, तर त्या दोन संगणकांबद्दलचे माझे मत मी पक्के करून सांगतो.